रात्री जाग का येते?

(भातकुली येथे प्रौढ वर्गातील स्त्री-पुरुषांपुढे दिलेले भाषण)



तुमच्या गावाच्या नावात भात आहे, पण शिवारात भात नाही. शिवारात कापूस आहे, तूर आहे, सोयाबीन आहे, हरभरा आहे. भात येतो तो रेशनच्या दुकानातून. आज मी त्या भाताविषयी बोलणार आहे. भाकरीविषयी आणि चहाविषयीही बोलणार आहे. पण मुख्य बोलायचे आहे ते झोपेविषयी. तुम्ही म्हणाल, भाकरी पोटात जाते, झोप डोळ्यांत येते, मग दोघींची गाठ कुठे पडते? गाठ रक्तात पडते. ती कशी, ते सांगते.

मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर एक आजी माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "बाई, मले रातभर झोप नाही. चार-चार खेपा उठा लागते. मंग घसा सुकते. पानी पेते. पानी पेलं का पुन्हा उठा लागते."

मी विचारले, "आजी, साखर तपासली काय?"

आजी म्हणाल्या, "साखर? दोन किलो आनली होती पोयाले. आता सरली."

पाठीमागच्या बाया हसल्या. पण हसण्यासारखे काही नव्हते. मी डब्यातली साखर विचारीत नव्हते, रक्तातली साखर विचारीत होते. आपण 'शुगर' हा शब्द रोज ऐकतो. पण ही शुगर म्हणजे काय, हे आपल्याला कोणी नीट सांगितलेलेच नसते.

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्या सगळ्या रक्तात उपाशीपोटी साखर असते किती? अवघी पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक चमचा. एवढ्या एका चमच्यावर आपला मेंदू चालतो, हात-पाय चालतात. तो चमचा फार वाढला तरी त्रास, फार कमी झाला तरी त्रास. दवाखान्यातून जो कागद मिळतो, त्यावरचा आकडा ह्याच चमच्याचा असतो. उपाशीपोटी तो १०० च्या आत असावा. १०० ते १२५ म्हणजे सावध व्हावे. १२६ किंवा त्याहून जास्त दोनदा आला, तर डॉक्टर मधुमेह म्हणतात. तुम्ही आता आकडे शिकलात. तेव्हा तो कागद घडी करून ट्रंकेत ठेवू नका, स्वतः वाचा. मागचा कागद काढून त्याच्याशी ताडून पाहा.

आता अन्नाकडे येऊ. भाकर, भात, पोळी, बटाटा, साबुदाणा, सगळ्यांची पोटात शेवटी साखरच होते. ती साखर रक्तात उतरते. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव आहे. त्यातून इन्सुलिन नावाचा रस निघतो. इन्सुलिन रक्तातली साखर अंगाच्या पेशींत पोचवते. इन्सुलिन कमी पडले, किंवा शरीर त्याचे ऐकेनासे झाले, की साखर रक्तातच तुंबून राहते. हाच मधुमेह.

साखर तुंबली की रात्री काय होते ते पाहा. आपली मूत्रपिंडे रक्त गाळतात. साखर कामाची वस्तू म्हणून ती परत रक्तात घेतात, बाहेर जाऊ देत नाहीत. पण आकडा साधारण १८० च्या वर गेला, की त्यांना सगळी साखर परत घेणे झेपत नाही. मग ती लघवीत उतरते. साखर एकटी जात नाही, पाणी ओढून नेते. लघवी वाढते. अंगातले पाणी कमी होते, म्हणून घसा सुकतो. आजींना वाटत होते, पाणी जास्त पितो म्हणून उठावे लागते. खरे ते उलटे होते. आधी पाणी जात होते, म्हणून तहान लागत होती. अशा माणसाने रात्रीचे पाणी बंद केले तर झोप येणार नाही, अंग मात्र सुकेल.

आजींनी उपकेंद्रात जाऊन रक्त तपासले. आकडा मी इथे सांगत नाही, तो त्यांचा आहे. पण औषध सुरू झाले, जेवण बदलले, आणि आता त्या रात्री एकदाच उठतात. आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

पण रात्री लघवीला उठणाऱ्या प्रत्येकाला मधुमेहच असतो असे समजू नका. म्हाताऱ्या पुरुषांत प्रोस्टेटची गाठ वाढते. गरोदर बाईला उठावे लागते. काही औषधांनीही लघवी वाढते. आणि आपल्या भागासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपण पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात राहतो. इथल्या विहिरींचे पाणी किती पिढ्यांनी तोंड वाकडे करून प्यायले, ते मी तुम्हांला काय सांगावे! पण पाणी खारे म्हणून जेवणातले मीठ आपण कधी कमी केले नाही. वर ठेचा आहे, लोणचे आहे, पापड आहे. जपानात नागासाकी येथील डॉक्टरांनी रात्री वारंवार उठणाऱ्या लोकांचे रोजचे मीठ कमी करून पाहिले. १०.७ ग्रॅमवरून ते ८ ग्रॅमवर आले, तेव्हा रात्रीच्या खेपा सरासरी २.३ वरून १.४ वर आल्या. २०१७ साली त्यांनी हे जाहीर केले. ह्याला खर्च काही नाही. चिमूट लहान करायची, एवढेच.

असो. साखरेकडे परत येते. कारण आता जे सांगायचे आहे, ते माझ्याच घरातले आहे.

माझे बाबा शेतकरी. अंगाने काटक, जन्मात कधी लठ्ठ झाले नाहीत. साठीच्या आसपास त्यांना मधुमेह निघाला. कोणाचा विश्वास बसेना. लोक म्हणत, शुगर तर खुर्चीवर बसणाऱ्या शेठजीला होते. तसे नाही, बरे का. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ह्या प्रश्नावर अनेक वर्षे काम केले आहे. त्यांनी दाखवून दिले, की आपल्याकडचा माणूस वरून बारीक दिसला तरी त्याच्या अंगात, विशेषतः पोटात, चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. जन्मलेल्या बाळांतही त्यांना हे आढळले. तेव्हा बारीक माणसानेही निर्धास्त राहू नये. २०२३ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे निघाले. त्यांत देशात दहा कोटींहून जास्त माणसांना मधुमेह असल्याचा अंदाज होता. एवढे शेठजी आणायचे कुठून?

बाबांना गोळी सुरू झाली. बाबा शिस्तीचे. गोळी कधी चुकवीत नसत. एकदा सकाळची उपाशीपोटीची साखर १६० आली. बाबांनी हिशोब केला, की रात्री जेवतो म्हणून सकाळी साखर वाढते. म्हणून त्यांनी रात्रीचे जेवण बंद केले. गोळी चालूच ठेवली.

हिशोब दिसायला बरोबर, पण चुकीचा होता. पहाटे शरीर जागे होण्याची तयारी करते. त्या वेळी अंगातले काही रस यकृताला सांगतात, साखर सोड. यकृत म्हणजे आपल्या घरातली कणगी समजा. दिवसा खाल्लेले त्यात साठते आणि रात्री थोडे थोडे बाहेर निघते. निरोगी माणसात इन्सुलिन त्यावर नजर ठेवते. मधुमेह असलेल्यात ती नजर ढिली पडते, म्हणून न जेवताही सकाळची साखर चढलेली असू शकते. बाबांची गोळी मात्र इन्सुलिन जबरदस्तीने बाहेर काढणारी होती. पोटात अन्न नाही आणि गोळी तर काम करते आहे. मग साखर खाली खाली जाणारच.

तिसऱ्या की चौथ्या रात्री दोनच्या सुमारास मायला जाग आली. बाबांची बंडी घामाने भिजून अंगाला चिकटली होती. हात गार पडले होते. ते बडबडत होते, "बैल सोडा, बैल सोडा." मायला ओळखीनात. शेजारपाजार जमला. कोणी म्हणाले, बाहेरचे आहे. एक जण जाणत्याला बोलवायला निघालाही. मी अमरावतीला रात्रपाळीवर होते. शेजारच्या मुलाने मला फोन लावला. मी ऐकले, घाम आणि बडबड, आणि मला कळले. मी विचारले, "घोट गिळतात काय?" तो म्हणाला, "गिळतात." मी म्हटले, "तीन चमचे साखर पाण्यात कालवा आणि पाजा. आत्ता."

माय देईना. "त्यायले साखर मना हाय ना वो! मी कशी देऊ?"

माय खोटे बोलत नव्हती. दोन वर्षे आम्ही सगळ्यांनी तिला तेच सांगितले होते, की साखर मना आहे. मी फोनवर मायवर ओरडले. आयुष्यात कधी ओरडले नव्हते. तिने साखरेचे पाणी पाजले. पंधरा मिनिटांनी बाबा उठून बसले आणि म्हणाले, "काहून जमले हो सारे?" मग मायने दूध-भाकर कुस्करून दिली. त्या गोळीबरोबर जेवण चुकवायचे नाही, हे बाबांना कोणी सांगितलेच नव्हते. मीसुद्धा नाही. आणि मी तर नर्सबाई!

म्हणून नीट ऐका. घरात कोणी साखरेची गोळी घेत असेल किंवा इन्सुलिन टोचून घेत असेल, आणि रात्री त्याला दरदरून घाम आला, हातपाय कापले, वाईट स्वप्नाने तो दचकला, विचित्र बोलू लागला, तर आधी साखर द्या. यंत्र घरी असेल तर बोटाचे रक्त तपासा. ७० च्या खाली म्हणजे कमी. यंत्र नसेल तर थांबू नका. तीन चमचे साखर पाण्यात द्या. पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा द्या, आणि नंतर काहीतरी खायला द्या. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नका. ते श्वासनळीत जाईल. १०८ ला फोन करा. सकाळी उशी ओली सापडणे, उठल्याबरोबर डोके दुखणे, ह्याही रात्री साखर उतरल्याच्या खुणा असू शकतात. दारू पिऊन, न जेवता, गोळी घेऊन झोपणारा तर मोठाच धोका पत्करतो, कारण दारूने ती कणगी बंद पडते.

सगळ्याच गोळ्यांनी साखर अशी खाली जात नाही. आपली गोळी कोणती, ती जेवणाआधी घ्यायची की नंतर, जेवण चुकले तर काय करायचे, हे डॉक्टरांना विचारून वहीत लिहून ठेवा. उपास धरायचा असेल तर आधी विचारा. आपल्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी असते. दिवसभर उपाशी राहायचे आणि संध्याकाळी साबुदाण्याची उसळ आणि वर बटाटा. साखर आधी खाली, मग एकदम वर. देवाला ह्यातले काय आवडते, मला ठाऊक नाही.

आता ज्याला मधुमेह नाही त्याचे काय? काही जण म्हणतात, रात्री साखर उतरते म्हणून मला जाग येते, म्हणून मी उठून दोन बिस्किटे खातो. निरोगी माणसाची साखर रात्री अशी उतरत नाही. कणगीत रात्रभर पुरेल एवढा माल असतो. जाग दुसऱ्या कशाने येते. कधी कधी ती चहाने येते. चहात झोप उडवणारे द्रव्य असते. प्यायल्यावर पाच तासांनीही त्यातले निम्मे अंगात उरते. रात्री आठला चहा घेतला तर एक वाजताही तो थोडाफार जागा असतो. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे म्हटले, तर आठ चमचे साखर नुसत्या चहातून गेली. म्हणजे सुमारे ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. चहा सोडा असे मी म्हणत नाही. कोणी ऐकणारही नाही. संध्याकाळी पाचनंतर नको आणि चमचा एकच, एवढे पाहा.

आणि जेवण. आपल्या आज्या ज्वारीची भाकर खात. सोबत बेसन, अंबाडीची भाजी, तुरीचे वरण असे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत शिवारातली ज्वारी गेली आणि सोयाबीन आले. रेशनवर गहू-तांदूळ मिळाला. ताटात भाताचा ढीग मोठा झाला, वरण पातळ झाले, भाजी चमचाभर राहिली. पांढरा भात लवकर पचतो, साखर झटकन चढते. ज्वारी, डाळ आणि पालेभाजी हळूहळू पचतात. पण भाकरीनेही साखर वाढते, हे विसरू नका. ज्वारीची म्हणून चार खाल्ल्या तर उपयोग नाही. आधी भाजी आणि वरण पोटात जाऊ द्या, मग भाकर, शेवटी थोडा भात. त्याच ताटातली साखर अशाने सावकाश चढते. हे लोकांवर तपासून पाहिलेले आहे.

जेवायचे ते दिवे लागल्यावर लवकर. जेवण आणि अंथरूण यांत दोन-तीन तास असावेत. दहा वाजता भरपेट जेवून लगेच आडवे झाले, की छातीत जळजळ, करपट ढेकर, आणि झोप नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे शतपावली घाला. चालताना पायांचे स्नायू साखर ओढून घेतात, त्यांना तेव्हा इन्सुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही.

बाया म्हणतील, बोलणे सोपे आहे. वावरातून यायलाच सात वाजतात, मग स्वयंपाक, मग सगळ्यांना वाढणे, आणि शेवटी आम्ही. खरे आहे. सगळ्यांच्या शेवटी, उरलेला भात आणि तळाचे वरण खाऊन जी बाई दहा वाजता झोपते, तिच्याच साखरेचा विचार घरात सर्वांत शेवटी होतो. पुरुषमंडळी इथे बसली आहेत म्हणून मुद्दाम सांगते. सगळे एकत्र जेवायला बसलात तर तिचे जेवण दोन तास अलीकडे येईल.

आतापर्यंत सांगितले ते, साखर बिघडली की झोप बिघडते. पण झोप बिघडली की साखरही बिघडते. १९९९ साली अमेरिकेत शिकागो येथे ११ धडधाकट तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास अंथरुणावर राहू दिले. तेवढ्यातच त्यांच्या शरीराला साखर आवरेनाशी झाली. झोप मिळाल्यावर ते सुधारले. आपल्याकडे रानडुकरे आणि रोही येतात म्हणून माणसे महिनोन्महिने जागलीला जातात. कृषिपंपाला रात्रीची वीज असली की पाणी द्यायला रात्रीच जावे लागते. ह्या जागरणांची किंमत कोणी मोजत नाही. ती रक्तात मोजली जाते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेच पाहा. घटनेच्या मसुद्याचे काम चालले होते त्या काळात त्यांना मधुमेहाने घेरले होते. झोप लागेना. पायांत वेदना होत. इन्सुलिन चालू होते. साखर फार दिवस चढलेली राहिली की पायांच्या नसा दुखावतात. मग रात्री पाय जळतात, टोचतात, ठणकतात. बाबासाहेब उपचारासाठी मुंबईला गेले. तिथे डॉ. शारदा कबीर यांची भेट झाली. १५ एप्रिल १९४८ ला दोघांचा विवाह झाला. पुढे डॉ. सविता आंबेडकर म्हणून त्यांनी बाबासाहेबांचे पथ्य आणि औषध सांभाळले. त्या काळी घरी बोट टोचून साखर पाहण्याचे यंत्र नव्हते. आज ते यंत्र आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर सरकारी केंद्रात मोफत तपासतात. आशाताई घरी येऊन विचारतात, तेव्हा "आमाले काई नाही" म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नका.

माझे बोलणे झाले. नंतर जे प्रश्न आले, त्यांतले दोन-तीन इथे देते.

एका काकांनी विचारले, "साखरीच्या जागी गूय चालते काय?" नाही. गुळाचीही रक्तात साखरच होते. चव वेगळी, हिशोब तोच.

एका ताईंनी विचारले, "कारल्याचा रस आणि मेथी घेतली तर गोळी सोडता येईल का?" कारले खा, मेथीची भाजी भरपूर खा, चांगलीच आहे. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका, आणि मनाने वाढवूही नका. झोपेची गोळी तर दुकानातून आणून कधीच घेऊ नका. मधुमेह असलेल्याची साखर रात्री उतरली तर त्या गुंगीत घरच्यांना कळणारही नाही.

शेवटी एका सूनबाईंनी विचारले, "मामंजी शुगरची गोळी खातात. जागलीलेही जातात, ऐकत नाहीत. त्यायले सोबत काय बांधून देऊ?"

मी सांगितले, घरून जेवूनच पाठवा. सोबत एक भाकर, थोडे बेसन, मूठभर फुटाणे द्या. चहा दिलाच तर बिनसाखरेचा. मळ्यावर एकटे सोडू नका, कोणीतरी सोबत असू द्या. आणि सदऱ्याच्या खिशात तीन चमचे साखरेची पुडी. ती कशासाठी आहे आणि कधी खायची, हे सोबतच्या माणसालाही सांगून ठेवा.